उधाणाची भरती, निळं रक्त आणि विटकरी छातीचा पाहुणा

मेमोरियल डेचा लाँग वीकएंड जवळ आला की आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच चर्चा सुरू होते: कुठे जायचं? नायगारा झालेला असतो, वॉशिंग्टन झालेलं असतं, आणि भारतातून आलेले आई-बाबा आता आणखी एक आउटलेट मॉल बघायला अजिबात तयार नसतात. तुम्ही न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर किंवा मेरीलँडच्या आसपास राहत असाल, तर यंदा एक दिवस माझ्या सांगण्यावरून काढा. एडिसन-प्रिन्स्टनकडून गाडीने साधारण दोन तास. तिकीट नाही, रांग नाही. फक्त पहाटे उठायची तयारी हवी.

जायचंय डेलावेअरच्या उपसागरावर. डेलावेअर नदी जिथे अटलांटिकला मिळते, तिथे एका बाजूला न्यू जर्सी आणि दुसऱ्या बाजूला डेलावेअर राज्य अशी एक रुंद, उथळ खाडी तयार झाली आहे. मे महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत या खाडीच्या वाळूवर दोन प्रवासी एकमेकांना भेटतात. एक दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून उडत येतो, दुसरा समुद्राच्या तळावरून चालत येतो. या भेटीवर एका पक्ष्याचं भवितव्य अवलंबून आहे. आणि गंमत म्हणजे, तुमच्या-माझ्या दंडात टोचलेल्या इंजेक्शनांचा संबंधही याच वाळूशी आहे.

दिवस कसा निवडायचा?

पक्षी बघायला जाताना आपण हवामान बघतो. इथे त्याच्या जोडीला तिथीही बघायची आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. आपल्याला ज्यांना भेटायचंय त्यातला समुद्रातला पाहुणा, म्हणजे हॉर्सशू क्रॅब, याच भरतीबरोबर किनाऱ्यावर चढतो. पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्यांची ये-जा सुरू होते. ती मे आणि जूनमधल्या उधाणांना सर्वांत जास्त असते. थोडक्यात, आपली वैशाख पौर्णिमा किंवा त्यानंतरची अमावास्या मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात येत असेल, तर तो मुहूर्त उत्तम.

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा बाबा बरोबर होते. त्यांचं बालपण कोकणातलं. त्यांनी गाडीतच बोटांवर हिशेब केला: "तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला." कोकणातली ही जुनी रीत तुमच्याही घरात कुणाला तरी ठाऊक असेल. भरती-ओहोटीच्या तक्त्यात मात्र त्या दिवशीची भरती सकाळी नऊच्या सुमारास होती. बाबा जरा हिरमुसले.

पण त्यांची रीत चुकीची नव्हती, ती फक्त दुसऱ्या किनाऱ्याची होती. त्या रीतीत दोन गोष्टी आहेत. पहिली: भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो. पाऊण तास प्रति तिथी हे त्याचंच सोपं रूप, आणि ते जगात बहुतेक ठिकाणी लागू पडतं. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा आकडा, म्हणजे पौर्णिमेला भरती नक्की किती वाजता येते. तो प्रत्येक बंदराचा वेगळा. समुद्राची खोली, किनाऱ्याचा आकार, खाडीची लांबी यांवर तो ठरतो. मुंबई-कोकणासाठी तो अकरा-बाराच्या आसपास, तर डेलावेअरच्या मुखाशी साडेआठ-नऊच्या आसपास. हे कळल्यावर बाबांनी आकडा बदलून घेतला आणि परतीच्या दिवसापर्यंत सगळ्यांना इथल्या भरतीच्या वेळा तेच सांगत होते.

सकाळ: रीड्स बीच, न्यू जर्सी

पहाटे सहाला निघालात तर आठ-साडेआठला रीड्स बीचला पोहोचाल. खाडीच्या काठाने चिंचोळा रस्ता, एका बाजूला घरं, आणि शेवटी पक्षी बघण्यासाठी केलेली जागा. ७ मे ते ७ जून या काळात न्यू जर्सीच्या बाजूचे असे अनेक किनारे माणसांसाठी बंद असतात, त्यामुळे वाळूवर उतरायचं नाही. काठावरून बघायचं. दुर्बीण असेल तर छान. नसेल तरी तिथे बहुधा एखादा स्वयंसेवक टेलिस्कोप लावून उभा असतो आणि आपण विचारायच्या आतच "बघायचंय?" असं विचारतो.

आधी वास येतो. उधाणात उलटलेले आणि पाण्यात परत न जाऊ शकलेले खेकडे काठावर सडत असतात. नाकाला रुमाल लावा, पण परत फिरू नका. मग आवाज येतो: लाफिंग गल या काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांचा, खदाखदा हसल्यासारखा. आणि मग भरती उतरू लागली की वाळू हलताना दिसते. ती वाळू नसतेच, ते पक्षी असतात.

नवख्या माणसाने इथे चार पक्षी ओळखले तरी सकाळ सार्थकी लागते.

सर्वांत लहान, चिमणीएवढे, करडे-तपकिरी आणि घोळक्याने चोच मारत चालणारे ते सेमीपामेटेड सँडपायपर. लाटेच्या पुढे धावत जाणारे आणि लाट मागे फिरली की तिच्या मागे पळणारे ते सँडरलिंग. काळा-पांढरा-तांबूस असा ठिगळांचा अंगरखा आणि नारिंगी पाय असलेला तो रडी टर्नस्टोन. नावाप्रमाणे तो दगड उलटवतो आणि वाळूही खणतो. यातले सँडरलिंग आणि टर्नस्टोन हिवाळ्यात आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही येतात, त्यामुळे ते तुम्ही नकळत पाहिलेही असतील. आणि चौथा, आजचा मुख्य पाहुणा: साळुंकीएवढा, गुबगुबीत, चेहरा आणि छाती विटकरी रंगाची. हा रेड नॉट.

दिसायला साधा. पण या साळुंकीएवढ्या पक्ष्याचा प्रवास ऐका.

पंधरवड्यात दीडपट

रेड नॉटच्या अनेक उपजाती आहेत. इथे येते तिचं नाव रुफा. यातले काही पक्षी हिवाळा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, कॅरिबियनमध्ये किंवा उत्तर ब्राझीलमध्ये काढतात. पण काही थेट खंडाच्या दक्षिण टोकाला, टिएरा देल फुएगोला जातात. वीण मात्र सगळ्यांची कॅनडाच्या आर्क्टिक भागात. म्हणजे दक्षिण टोकाच्या पक्ष्यांसाठी वर्षाचा जाऊन-येऊन प्रवास सुमारे ३०,००० किलोमीटर. अंगावर अतिशय हलकं प्रकाशमापक उपकरण लावलेल्या एका पक्ष्याने सलग सहा दिवस न थांबता सुमारे ८,००० किलोमीटर कापल्याची नोंद आहे. हिशेब केलात तर ताशी ५५ किलोमीटर, सहा दिवस, सहा रात्री, मध्ये एक घासही नाही.

अशा उड्डाणाआधी या पक्ष्याच्या शरीरात एक विलक्षण बदल होतो. लागणार नाही ते वजन नको म्हणून त्याचे पचनाचे अवयव आकसतात. एरवी रेड नॉट लहान शिंपले अख्खे गिळतो आणि पोटातल्या स्नायुमय पेषणीत कवचासकट भरडतो. पण डेलावेअरला उतरतो तेव्हा ती पेषणी लहान झालेली असते. कडक कवचाचं खाणं त्याला तेव्हा झेपत नाही. त्याला हवं असतं मऊ, स्निग्ध आणि ढिगाने मिळणारं अन्न, तेही लगेच.

उतरताना त्याचं वजन सुमारे १२० ते १३० ग्रॅम असतं, कधी त्याहूनही कमी. पुढे आर्क्टिकला निघताना ते किमान १८० ग्रॅम व्हायला हवं. त्यासाठी हातात असतात फक्त दहा ते चौदा दिवस. ६० किलोच्या माणसाने दोन आठवड्यांत जवळजवळ ९० किलोचं होण्यासारखं हे आहे.

हा १८० चा आकडा महत्त्वाचा का? कारण जूनच्या सुरुवातीला पक्षी आर्क्टिकला पोहोचतात तेव्हा तिथे बर्फ असू शकतो आणि किडे अजून निघालेले नसतात. अंगावरची चरबी हीच शिदोरी. तिच्यावर सुमारे ३,००० किलोमीटरचं उड्डाण, पहिले उपाशी दिवस आणि आकसलेले अवयव परत वाढवणं, एवढं सगळं भागवायचं असतं. डेलावेअरहून कमी वजनाने निघालेले पक्षी पुढच्या वर्षी परत दिसण्याची शक्यता कमी असते, असं पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवरून दिसून आलं आहे.

मग ही शिदोरी येते कुठून? वाळूतून.

सांडलेल्या अंड्यांवरची पंगत

हॉर्सशू क्रॅब हा नावाने खेकडा असला तरी नात्याने विंचू आणि कोळ्यांच्या जवळचा. घोड्याच्या नालेच्या आकाराचं कवच, मागे भाल्यासारखी शेपटी. त्याच्या कुळाचे जीवाश्म सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचे मिळतात, म्हणजे डायनोसॉरच्या कितीतरी आधीचे. आपल्याकडे ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर याची दोन भावंडं आढळतात. पण जगात सर्वांत जास्त संख्येने हे प्राणी अंडी घालायला येतात ते या डेलावेअरच्या खाडीत.

मादी वाळूत १५-२० सेंटिमीटर खोल जाऊन एका वेळी सुमारे ४,००० हिरवट अंडी घालते, मोहरीच्या दाण्यासारखी बारीक. एका हंगामात ती असे अनेक पुंजके घालते. एकूण ऐंशी हजारांच्या घरात.

आता इथे जरा थांबा, कारण सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. अंडी १५ सेंटिमीटर खोल. रेड नॉटची चोच तीन-साडेतीन सेंटिमीटरची. मग तो अंडी खातो कशी?

तो पुरलेली अंडी खातच नाही. तो वर आलेली खातो. किनाऱ्यावर खेकड्यांची गर्दी झाली की नंतर आलेली मादी आधीच्या मादीच्या अंड्यांवरच खणते, आणि खालची अंडी उकरली जाऊन वर येतात. लाटाही वाळू ढवळतात, टर्नस्टोनही खड्डे करतात. वर आलेली ही अंडी उन्हाने सुकून तशीही मरणारच असतात. म्हणजे पक्षी खेकड्यांच्या पुढच्या पिढीला फारसा धक्का लावत नाहीत. मोठ्या पंगतीनंतर मांडवात जे सांडलंलवंडलं असतं, त्यावर त्यांचं पोट भरतं.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो सहज लक्षात येत नाही. समजा, खेकडे निम्मे झाले. तर वर येणारी अंडी निम्मी होतील का? नाही, त्याहून बरीच कमी होतील. कारण एका मादीने दुसरीचं घरटं उकरायला किनाऱ्यावर दाटी असावी लागते. मोकळ्या किनाऱ्यावर प्रत्येक मादीला स्वतंत्र जागा मिळते, अंडी सुरक्षित पुरलेली राहतात आणि पक्षी उपाशी. खेकड्यांची जात टिकवायला जेवढे खेकडे पुरतात, तेवढे पक्ष्यांना पुरत नाहीत. पक्षी जगतो तो निसर्गातल्या मुबलकतेवर, "गरजेपेक्षा जास्त" असलेल्या हिश्श्यावर. आणि माणूस हिशेबाला बसला की सगळ्यांत आधी कात्री लावतो ती नेमकी या जास्तीच्या हिश्श्याला.

९० हजार ते ७ हजार

तसंच झालं. १९९० च्या दशकात ईल मासा आणि व्हेल्क नावाचे मोठे शंखप्राणी पकडायला आमिष म्हणून हॉर्सशू क्रॅबना मोठी मागणी आली. विशेषतः अंडी भरलेल्या माद्यांना. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर वर्षाला वीस लाखांहून जास्त खेकडे धरले जात होते.

१९८० च्या दशकात या खाडीत एका वेळी ९० हजारांहून अधिक रेड नॉट मोजले गेले होते. टिएरा देल फुएगोच्या हिवाळी मोजणीत २००० साली सुमारे ५१ हजार पक्षी होते, २००२ मध्ये सुमारे २७ हजार. दोन वर्षांत जवळजवळ निम्मे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सरकारने रुफा रेड नॉटला धोक्यातील प्रजाती म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. २०२१ च्या मेमध्ये डेलावेअरच्या मोजणीत ७ हजारही भरले नाहीत. नंतरच्या दोन वर्षांत आकडा पुन्हा वर गेला, पण जुन्या संख्येच्या जवळपासही नाही.

उपाय झाले नाहीत असं नाही. २००१ मध्ये खाडीच्या मुखाबाहेरचा मोठा समुद्री पट्टा हॉर्सशू क्रॅबसाठी राखीव झाला. न्यू जर्सीने २००८ मध्ये खेकडे धरण्यावर पूर्ण बंदी घातली. २०१३ पासून या खाडीतल्या माद्या आमिषासाठी धरायला परवानगी नाही. तरी सुधारणा संथ का? कारण हॉर्सशू क्रॅब वयात यायलाच नऊ-दहा वर्षं लागतात. आज वाचवलेल्या पिल्लाची अंडी दिसायला एक दशक जावं लागतं. नुकसान दोन हंगामांत होतं, भरपाईला एक पिढी लागते.

वादही संपलेला नाही. २०२२ मध्ये मासेमारीच्या आयोगाच्या सुधारित गणिती प्रारूपाने, आता काही माद्या धरल्या तरी रेड नॉटला मोठा फरक पडणार नाही, असं सुचवलं. बऱ्याच लोकांनी आणि काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, आणि आयोगाने माद्यांचा कोटा शून्यच ठेवला. रोज प्रारूपं वापरणारी एक संशोधक म्हणून मला यातली अडचण कळते. जे मोजलं गेलंय त्यावरच प्रारूप बोलतं. खूप खेकडे असताना किनारा कसा होता, याच्या नीट मोजण्या फार थोड्या आहेत. आधीच रोडावलेल्या खाडीतल्या आकड्यांवरून भरलेल्या खाडीचा अंदाज बांधायचा, तर सावध राहिलेलं बरं.

झेंड्यांची भाषा

भरती पुरती उतरण्याआधी एक खेळ खेळा. रेड नॉटच्या पायांकडे बघा. काहींच्या पायात छोटा रंगीत झेंडा दिसेल, त्यावर अक्षरं आणि आकडे. रंग देश सांगतो: पोपटी म्हणजे अमेरिका, नारिंगी म्हणजे अर्जेंटिना, निळा म्हणजे ब्राझील, लाल म्हणजे चिली. अक्षरं त्या एका पक्ष्याची ओळख सांगतात. टेलिस्कोपमधून वाचता आलं तर बँडेडबर्ड्स डॉट ऑर्गवर नोंद करा. तुमची ती एक ओळ पक्षी किती वर्षं जगतात याच्या हिशेबात खरोखर धरली जाते.

यातला सर्वांत प्रसिद्ध पक्षी होता बी-९५. १९९५ मध्ये टिएरा देल फुएगोला त्याला कडी घातली, तेव्हा तो पूर्ण वाढलेला होता. त्यानंतर वर्षानुवर्षं तो नोंदींमध्ये दिसत राहिला, शेवटचा २०१४ च्या मेमध्ये, याच खाडीत. एकोणीस फेऱ्या, प्रत्येकी ३०,००० किलोमीटर: साडेपाच लाखांच्या वर. पृथ्वीपासून चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे. म्हणून लोक त्याला मूनबर्ड म्हणू लागले. चंद्रावर जाऊन अर्धं अंतर परत यावं एवढा प्रवास, जेमतेम सव्वाशे ग्रॅमच्या पक्ष्याने.

दुपार: फेरीबोट आणि बर्फाची पिशवी

पक्षी पांगले की केप मेला जा, जेवा, आणि गाडीसकट फेरीबोटीत चढा. २७ किलोमीटरचं पाणी ओलांडून ८५ मिनिटांत तुम्ही डेलावेअरच्या लुईस गावात. डेकवर उभे राहा, डॉल्फिन दिसण्याची बऱ्यापैकी शक्यता असते.

आमच्या त्या पहिल्या फेरीत डेकवर आईने डबा उघडला आणि बाबांनी जेवणाआधीचं इन्सुलिन घेण्यासाठी बर्फाची पिशवी काढली. मी त्या पेनकडे बघत राहिले, कारण मी पीएच.डी.पासून ज्या चाचणीबरोबर काम करत होते ती एकदम वेगळ्या प्रकाशात दिसली.

ती चाचणी अशी. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. जिवाणू मेले तरी तो उरतो आणि साध्या उकळण्याने जात नाही. रक्तात गेला तर ताप, जास्त गेला तर जिवावर बेततं. म्हणून टोचायच्या प्रत्येक औषधाची, लशीची, सलाइनची यासाठी तपासणी करावी लागते. पूर्वी ती सशांवर होई: नमुना टोचायचा आणि ताप येतो का बघायचं. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी, हॉर्सशू क्रॅबचं रक्त जिवाणूंच्या संपर्कात गोठतं, हे दाखवलं. १९६४ मध्ये त्यांनी आणि जॅक लेव्हिन यांनी हे गोठणं एंडोटॉक्सिनमुळे होतं हे पुढे आणलं. आपल्या रक्तातला ऑक्सिजन लोहयुक्त रेणू वाहतो, या प्राण्याचा तांबंयुक्त रेणू वाहतो, म्हणून त्याचं रक्त निळं. त्यातल्या पेशींपासून काढलेला अर्क, लायसेट, १९७७ पासून अमेरिकेत औषधांच्या तपासणीसाठी वापरला जाऊ लागला. ससे वाचले, पण भार खेकड्यांवर आला.

प्रयोगशाळेत मला या अर्काची कुपी मिळायची. पांढरी भुकटी, निळं काहीही नाही. त्यात पाणी घालायचं, नमुना मिसळायचा, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं आणि मग नळी उलटी करायची. आतलं द्रव गोठून जागेवरच राहिलं तर नमुन्यात एंडोटॉक्सिन आहे. अशा शेकडो नळ्या मी उलट्या केल्या, पण तो प्राणी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

या कामासाठी खेकडे धरून आणतात, त्यांचं काही रक्त काढतात आणि त्यांना परत समुद्रात सोडतात. सगळे जगत नाहीत. मासेमारीचा आयोग मृत्यूचं प्रमाण १५ टक्के धरतो, काही अभ्यासांत ते ३० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. आणि पर्याय नाही असंही नाही. सिंगापूरच्या डिंग जीक लिंग आणि हो बाऊ या शास्त्रज्ञ दांपत्याने १९९० च्या दशकात रक्तातल्या मुख्य घटकाचं, फॅक्टर सी चं, जनुक वापरून तो प्रयोगशाळेत तयार करण्याचा मार्ग दाखवला. युरोपच्या फार्माकोपियाने या पद्धतीला २०२१ पासून स्थान दिलं, अमेरिकेच्या फार्माकोपियाने २०२५ पासून. शोध आणि त्याचा स्वीकार यांत पाव शतक गेलं. औषधांच्या बाबतीत सावधपणा हवाच, पण या विलंबात सगळाच सावधपणा नव्हता. जुनी पद्धत सवयीची होती आणि खेकडा तक्रार करत नाही.

तुम्ही औषधनिर्मितीत काम करत असाल (आणि न्यू जर्सीत आपल्यापैकी कितीतरी जण करतात), तर उद्या ऑफिसात एकच प्रश्न विचारा: आपल्याकडे पाण्याच्या आणि कच्च्या मालाच्या रोजच्या तपासण्या कशावर होतात? बदल तिथून सुरू करता येतो. मी विचारला. उत्तर यायला वेळ लागला, पण आता आमच्या गटात दोन्ही पद्धतींची तुलना चालू आहे.

रात्र: स्लॉटर बीच

लुईसहून अर्ध्या तासाच्या आत स्लॉटर बीच. नाव भीषण आहे, पण गावाने स्वतःला हॉर्सशू क्रॅबचं अभयारण्य जाहीर केलंय. शेजारी मिस्पिलियन बंदरात निसर्गकेंद्र आहे, तिथून पक्षी दिसतात. सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो. रात्रीची भरती साडेनऊच्या आसपास. मधल्या वेळात थर्मासमधला चहा.

मग पौर्णिमेच्या उजेडात पाण्याच्या कडेला गोल दगड दिसू लागतात, आणि ते दगड हलू लागतात. मोठी मादी पुढे, तिच्या पाठीला घट्ट धरलेला लहान नर, आणि बाजूला जागेसाठी ढकलाढकली करणारे आणखी तीन-चार नर. कवचावर कवच आपटल्याचा ठक-ठक आवाज किनाराभर. ४४ कोटी वर्षं जुन्या कुळाचा हा सोहळा, आणि आपण चपला हातात घेऊन बाजूला उभे.

लाटेने काही खेकडे उलटे पडतात. शेपटीच्या साहाय्याने ते पालथे होण्याचा प्रयत्न करतात, पण सगळ्यांना जमत नाही. सकाळपर्यंत तसेच राहिले तर ऊन किंवा गल त्यांना संपवतात. तेव्हा वाका, कवचाची कड दोन्ही बाजूंनी धरा आणि हळूच सुलटं करा. शेपटी धरून उचलायचं नाही, तिला इजा होते. ते चावत नाहीत, नांगी मारत नाहीत. मुलांना हे काम फार आवडतं.

बाबांनी त्या रात्री मोजून सतरा खेकडे सुलटे केले. मोजत होते, कारण त्यांना मोजायची सवय. अठराव्याच्या वेळी कंबर धरली, तेव्हा आई म्हणाली, "पुरे आता." बाबा म्हणाले, "हा शेवटचा."

जाण्यापूर्वी

भरतीचा तक्ता बघूनच दिवस ठरवा. बंद किनाऱ्यांवर उतरू नका, कुत्रा बरोबर असेल तर गाडीजवळच ठेवा, ड्रोन तर नकोच. एक सोपा नियम: पक्षी उडाले, तर तुम्ही फार जवळ गेलात. प्रत्येक उड्डाणात त्यांनी मिळवलेले ग्रॅम खर्च होतात, आणि त्यांच्याकडे दिवस मोजके आहेत. रात्री डास-चिलटांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, लाल प्रकाशाची बॅटरी असेल तर ती घ्या. खेकड्यांच्या वार्षिक मोजणीत स्वयंसेवक लागतात. त्यासाठी वसंताच्या सुरुवातीलाच नाव द्यावं लागतं.

आपण सगळे इथे लांबून आलो आहोत. मध्ये कुठेतरी थांबून, जे मिळालं त्यावर ताकद गोळा करून पुढे जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मेच्या अखेरीस एका सकाळी हे पक्षी अचानक उठतात, आकाशात एक-दोन घिरट्या घालतात आणि उत्तरेला निघून जातात. दुसऱ्या दिवशी किनारा रिकामा असतो. त्याआधी एकदा जाऊन या. आणि कुठला झेंडा वाचता आला, किती खेकडे सुलटे केले, ते मला जरूर कळवा.